मेळघाटात पहिल्यांदा मुक्कामाला येताय? आधी ऋतू पहा, मंग बॅग भरा

ऑक्टोबर जवळ आला की आमच्या भागात होमस्टे चालवणाऱ्या सगळ्यांचे फोन एकाच चालीवर वाजतात. "भाऊ, रूम मिळन का? एसी आहे का? वाघ दिसन का? नेट चालते का?" पहिल्यांदा येणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्यानं चिखलदऱ्याचे फोटो पाहिलेले असतात आणि त्याला वाटतं सगळा मेळघाट तसाच असन. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. ज्यांना या सिझनला यायचं आहे त्यांनी हे वाचून घ्या, मंग फोन करा, दोघांचाही वेळ वाचतो.

पहिले जागा समजून घ्या

मेळघाट म्हणजे सातपुड्यातला गाविलगडचा डोंगर. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके, खाली अकोटच्या बाजूनं अकोला जिल्ह्याचा भाग, थोडा बुलढाण्याचा. १९७३-७४ ला देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. वर चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, वैराटचं टोक ११७८ मीटर, आणि खाली सिपना नदीच्या काठची सेमाडोह-कोलकासची पट्टी. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्यांचं पाणी शेवटी तापीलाच जातं. हा वर-खालीचा फरक डोक्यात ठेवा, काहून की कपडे, रस्ता, पाणी, जेवण सगळं त्याच्यावरच ठरतं.

राहायच्या जागा मोटामोटी चार प्रकारच्या. एक, चिखलदऱ्याची हॉटेलं, तिथं तुम्हाला माझी गरज नाही, पैसे द्या रूम घ्या. दोन, वनखात्याची पर्यटक संकुलं: सेमाडोह, कोलकास, हरिसाल, अकोटकडून शहानूर. इथं कॉट, गादी, कॅन्टीन, जिप्सीची (सफारीच्या उघड्या गाडीची) सोय असं सगळं मिळतं आणि नवख्यानं पहिल्या खेपेला इथंच उतरावं असं माझं स्पष्ट मत आहे. तीन, आतली विश्रामगृहं, चौराकुंड, ढाकणा, तारुबांदा अशी, जाड भिंती, उंच छत, पुढं व्हरांडा, आजूबाजूला साग आणि बांबू, रात्री एक चौकीदार अन् तुम्ही. ही सगळीच कायम पाहुण्यांना मिळतात असं नाही, साहेब लोकांचा दौरा लागला की तुमचं नाव मागं पडतं, म्हणून बुकिंग हातात आल्याशिवाय निघू नका. आणि चार, गावातली घरं, म्हणजे आमच्यासारख्यांचे होमस्टे. अंगणाला लागून एक-दोन खोल्या, बाथरूम बाहेर, जेवण घरचं.

मंग ऋतू निवडा (सगळ्यात महत्त्वाचं हेच)

लोक आधी सुट्टी पाहतात आणि मंग जागा शोधतात. इथं उलटं करा.

जून ते सप्टेंबर: चिखलदरा हिरवागार, धबधबे चालू, धुकं एवढं की देवी पॉइंटवर उभं राहून समोरचा माणूस दिसत नाही. सगळा विदर्भ शनिवार-रविवारी वर चढतो आणि घाटात गाड्यांची रांग लागते. पाऊस पहायचाच असेल तर मंगळवार-बुधवारी या, रविवारी येऊन गाडीतच डबा खायची वेळ येते. पण हे सगळं वरचं. खाली जंगलाचा गाभ्याचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतो, सफारी नाही, आतल्या विश्रामगृहांचा विषयच नाही. आतल्या गावांना जाणारे रपटे (नाल्यावरचे ठेंगणे पूल) पाण्याखाली जातात आणि दोन-दोन दिवस गावं तुटतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, पाणी गुडघ्याएवढंच दिसत असलं तरी थांबायचं. डोंगराचा नाला जसा चढतो तसा उतरतो पण, कधी घंटाभर लागतो कधी रात्रभर, चहा प्या आणि बसून रहा. समोरून एखादा गाववाला फटफटी काढून नेताना दिसला तर त्याच्या नादी लागू नका, त्याला खालचा दगड अन् दगड माहीत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: गाभा उघडतो, पण १ तारखेला सगळं चकाचक तयार असतं असं समजू नका. पावसानं कच्चे रस्ते कापलेले असतात, गवत माणसाएवढं वाढलेलं, सगळे सफारी मार्ग एकदम चालू होत नाहीत. आम्ही लोक पण याच दिवसात कौलं फेरून राहिलेले असतो, सोलरच्या प्लेटा पुसून राहिलेलो असतो, गाद्या उन्हात टाकलेल्या असतात. गवतामुळे जनावर कमी दिसतं, पण नद्या भरून वाहतात, कोलकासच्या खाली सिपनेचं वळण या दिवसात जेवढं देखणं असतं तेवढं मंग वर्षभर नाही. दिवाळीच्या आठवड्यात मात्र खोली मिळणं मुश्किल, ते लय आधी ठरवा.

डिसेंबर-जानेवारी: माझ्या मते नवख्यासाठी हाच काळ. थंडी मात्र कमी समजू नका. नागपूर-अमरावतीचे लोक एक स्वेटर घेऊन येतात आणि रात्री चादरी मागतात. गंमत म्हणजे वर डोंगरावर वारा लागतो पण खाली सिपनेच्या खोऱ्यात पहाटेचा गारठा जास्त झोंबतो, काहून की थंड हवा उतरून खोलगटात साचते, सकाळी नऊपर्यंत नदीवर धुकं बसलेलं असतं. उघड्या जिप्सीत सकाळी सहाला बसायचं असेल तर कानटोपी, हातमोजे, मफलर घ्या, स्टाइल घरी ठेवा. याच दिवसात मोथा, आमझरीकडे स्ट्रॉबेरी निघते, तुरीच्या शेंगा भरतात, आणि चिखलदऱ्याची कॉफी पण याच सुमारास तोडणीला येते. होय, विदर्भात कॉफी, इंग्रजांच्या काळापासून आहे.

फेब्रुवारी ते मार्च: पानगळ. साग उघडा पडतो, पळस पेटतो, नजर लांब जाते आणि जनावर दिसायला लागतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. या दिवसात कॅम्पफायर मागू नका. मागितला तर कोणी करून देईलही कदाचित, पण वाळलेल्या पानांच्या थरावर एक ठिणगी उडाली की डोंगरच्या डोंगर काळा होतो आणि विझवायला गावातलीच पोरं झाडाच्या फांद्या घेऊन धावतात. बिडी-सिगरेटवाल्यांनी पण हे आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं.

आता होळी. कोरकू म्हणजे इथल्या आदिवासी लोकांचा हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण, दिवाळीपेक्षा मोठा. कामाला बाहेर गेलेली सगळी माणसं गावी परततात, ढोल-बासरी रात्रभर चालते, पुढचे चार-पाच दिवस रस्त्यात बायापोरं दोर धरून गाड्या थांबवतात आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागतात. चिल्लर जवळ ठेवा आणि हसत द्या, ती लूट नाही. पण एक गोष्ट, या दिवसात स्वयंपाकाला, साफसफाईला, गाइडला माणूस मिळत नाही, सगळे आपापल्या घरी. होळी पहायला यायचं असेल तर ओळखीनं या, सर्व्हिसची अपेक्षा ठेवून येऊ नका.

एप्रिल-मे: मोहाची फुलं मार्च-एप्रिलमधे पडतात, पहाटे अंधारातच बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, मंग मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान. म्हणजे सगळं गाव कामात. ऊन कडक, पाणवठे आटत आलेले आणि जनावर पाण्यावर येतं, म्हणून जंगल पाहणारे पक्के लोक हेच दिवस धरतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणावर बसू देतं, त्याचं बुकिंग वेगळं असतं आणि चटकन संपतं. नवख्यानं लहान लेकरं घेऊन मात्र मे महिन्यात येऊ नये. आणि पाणी! चिखलदऱ्याच्या पठारावरच्या कितीतरी गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, खडीमलचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. पाऊस एवढा पडतो पण काळा पाषाण, उतार, पाणी थांबतच नाही. तुम्ही ज्या घरात उतरलात तिथल्या बाईनं ते पाणी डोक्यावर आणलेलं असू शकतं, एक बादलीत आंघोळ होते.

बुकिंग

वनखात्याच्या जागा आणि सफारी ऑनलाइन बुक होतात. ओळखपत्र जे टाकलं तेच सोबत आणा, गेटवर जुळवून पाहतात. सफारी आठवड्यातून कोणत्या वारी बंद आहे ते तिथंच दिसतं, ते पाहून मुक्काम ठरवा नाहीतर दोन दिवसांतला एक दिवस बंदमधे जातो. जिप्सीचे पैसे, गाइडचे पैसे, कॅमेऱ्याचे पैसे वेगवेगळे लागू शकतात, आधी विचारून घ्या.

गावातल्या घराचं बुकिंग म्हणजे फोन. फोन लागला नाही तर राग मानू नका, रेंज टेकडीवर जाऊन पकडावी लागते, व्हॉट्सअपला मेसेज टाकून ठेवा, संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. मेसेजमधे एवढं लिहा: किती जण, लेकरं किती, म्हातारं माणूस आहे का, कोणत्या गाडीनं येता, पहिलं जेवण दुपारचं की रात्रीचं, शाकाहारी किती. हे शेवटचं काहून? कारण आम्ही भाजी, किराणा परतवाडा किंवा धारणीच्या बाजारातून आठवड्याचा आणतो. तुम्ही सहा सांगून अकरा आलात तर वरच्या पाच जणांचं जेवण दुकानातून येत नाही, ते आमच्या घरच्या ताटातून येतं.

यायचं कसं

रेल्वेनं बडनेरा किंवा अमरावती, तिथून एसटीनं किंवा गाडीनं परतवाडा, साधारण पन्नास किलोमीटर. परतवाडा हे आपलं दार. टाकी फुल करा, एटीएममधून पैसे काढा, औषधं घ्या, टॉर्चचे सेल घ्या. पुढं यूपीआयच्या भरवशावर राहू नका, दुकानात क्यूआर चिकटवलेला असतो पण नेट नसतं, मंग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसता. पाचशेच्या नोटा कमी, शंभर-पन्नासच्या जास्त.

परतवाड्याहून घटांग, तिथं फाटा फुटतो, एक रस्ता वर चिखलदऱ्याला आणि एक सेमाडोह-कोलकास-हरिसाल करत धारणीला. घाट वळणावळणाचा, रस्ता काही ठिकाणी अरुंद, समोरून एसटी आणि ट्रक येतात, वळणावर हॉर्न वाजवायचा आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लेकरांना गाडी लागते, परतवाड्याला भरपेट तर्री-पोहे खाऊ घालून घाटात घालू नका. जंगलाच्या पट्ट्यात हॉर्न, गाणी बंद आणि स्पीड कमी. दिवस मावळायच्या आत पोहोचा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक तरी रात्री नऊला फोन करतात की आम्ही आता परतवाडा सोडला! रात्री रस्त्यावर सांबर, रानगवा, अस्वल काहीही उभं असतं, गवा हेडलाइटला हलत नाही आणि त्याच्यावर गाडी घातली तर नुकसान गव्याचं कमी, तुमचं जास्त.

अकोल्याकडच्यांनी अकोट-शहानूर धरावं, नरनाळा किल्ला पण होतो. पूर्वी अकोला-खंडवा मीटरगेज याच जंगलातून जायची, धुळघाटला रूळ गोल फिरून स्वतःवरूनच पार व्हायचे, आमच्या वडिलांच्या पिढीला तिचं लय अप्रूप. आता ती बंद, त्या भरवशावर कोणी जुना नकाशा घेऊन येऊ नये. नकाशा मोबाइलमधे आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, पण फाट्यावर माणूस दिसला तर माणसालाच विचारा, मॅप कधीकधी बंद झालेल्या जंगलरस्त्यावर नेऊन सोडतो.

बॅगेत काय

टॉर्च माणशी एक. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, भगवे-पिवळे-पांढरे नको. बंद बूट आणि लांब मोजे. ओडोमॉस, ओआरएस, तुमची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. पाण्याची बाटली जी पुन्हा भरता येते. पॉवर बँक, कारण लाइट जाते म्हणजे जाते, आणि सोलरवर एक बल्ब अन् एक मोबाइल चालतो, हेअर ड्रायर नाही. आतल्या विश्रामगृहात जाणार असाल तर शिधा सोबत: तांदूळ, तूरडाळ, कणिक, तेल, तिखट-मीठ, कांदे-बटाटे, चहापत्ती, साखर, काडीपेटी. जुनी पद्धत अशी की शिधा तुमचा, रांधणार खानसामा. तो रांधतो झकास, पण जे आणलं तेच रांधतो, आणि येताना त्याच्यासाठी चहा-साखर जास्तीची आणली तर दुसऱ्या दिवशी पोळ्या मऊ होतात, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

ड्रोन, डीजेचा डबा आणि दारूच्या बाटल्या आणू नका.

पोहोचल्यावर

घरी आलात तर आधी बसा, पाणी प्या, लगेच रूम-रूम करू नका. कोरकू घरात लोक आपसात कोरकूत बोलतात, तुमच्याशी हिंदीत बोलतील, मराठी पण बऱ्याच जणांना कळते. ही भाषा मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही, मुंडारी-संथालीच्या कुळातली आहे, म्हणून कानाला काहीच ओळखीचं लागत नाही. घराचा, लेकरांचा, बायकांचा फोटो विचारून काढा. चॉकलेटं वाटत फिरू नका, गावात तुमच्या मागं लेकरांची पलटण लागते आणि पुढच्या पाहुण्याला त्रास. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना भेटा.

जेवणात काय मिळतं ते ऋतूवर. थंडीत मक्याची किंवा ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, झुणका, ठेचा, पावसाळ्यात रानभाज्या, कुटकी किंवा सावा (डोंगरातलं बारीक धान्य) मागितला तर आदल्या दिवशी सांगा म्हणजे कांडून ठेवतात. पनीर बटर मसाला मागू नका. एक वेळ मागितला तरी चालेल पण मंग जो येईल तो खा!

जंगलात पाय टाकण्याआधी

गाइड नसताना चालायचं नाही, दोनशे मीटर पण नाही. सगळ्यांना वाघाची धास्ती असते, तो तुम्हाला दिसणारच नाही बहुतेक, ताडोब्यासारखं इथं नाही, डोंगर मोठा, दऱ्या खोल आणि वाघ विरळ. इथं भ्यायचं ते अस्वलाला. त्याला दिसतं कमी, वाऱ्याची दिशा उलटी असली की वास पण येत नाही, तुम्ही एकदम समोर आलात की घाबरतं आणि घाबरलं की सरळ अंगावर येतं. मोहाच्या दिवसात पहाटे आणि संध्याकाळी ते झाडाखालीच असतं. म्हणून गाववाले बोलत, खाकरत, काठी आपटत चालतात. तुम्ही पण तसंच करा. सफारीत शांत बसायचं आणि पायी चालताना आवाज करायचा, नवीन लोक नेमकं उलटं करतात.

वाघापलीकडे पाहायला शिका, तेव्हा पैसे वसूल होतात. रानगवा, रानकुत्रे, चौशिंगा, रात्री उडती खार, आणि नशीब असेल तर रानपिंगळा. हा छोटा पिंगळा शंभरहून जास्त वर्षं कोणाला दिसलाच नव्हता, संपला म्हणून धरलं होतं, १९९७ ला नंदुरबारकडे शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडला आणि मंग मेळघाटातही मिळाला. दिवसा बसलेला दिसतो, गाइडला आधीच सांगून ठेवा. वैराट-चुरणीकडे गावं उठून गेली तिथं आता कुरणं झाली आहेत, संध्याकाळी गवे तिथं उतरतात. एखादं जुनं आंब्याचं झाड, घराचा ओटा अजून दिसतो. तिथं कोणाचं तरी गाव होतं, ओट्यावर चढून रील काढू नका.

तब्येत

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. पावसाळ्यात आणि पावसानंतर मलेरिया असतो, मच्छरदाणी मागून घ्या, आमच्याकडे असते. दुसरं स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यानं होतो, ऑगस्ट ते नोव्हेंबर जपायचं. गवतात अंग टाकायचं नाही, कपडे झुडपांवर वाळवायचे नाहीत, संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून अंग पाहून घ्यायचं. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यात ताप आला, डोकं दुखलं, अंगावर कुठं काळी खपली दिसली तर डॉक्टरला "जंगलात गेलो होतो" हे पहिलं वाक्य सांगा. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जीवावर येतो.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. रात्री टॉर्चशिवाय बाथरूमला जायचं नाही, सकाळी बूट झटकून घालायचे, जमिनीवर झोपायचं नाही कारण मण्यार अंथरुणात येतो आणि त्याचा दंश कळत पण नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक काही नाही, पाय हलू न देता सरळ दवाखाना. १०८ ला फोन करा, पण रेंज आणि अंतर पाहता बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीनं निघून रस्त्यात ॲम्ब्युलन्स गाठणं जास्त लवकर होतं. धारणी आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय, चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर घरवाल्याला एकदा विचारून ठेवा, इथून सगळ्यात जवळचं कोणतं आणि रात्री रस्ता कोणता.

निघताना

प्लास्टिक, डायपर, बाटल्या, सॅनिटरी पॅड तुमच्यासोबत परतवाड्यापर्यंत परत. इथं कचऱ्याची गाडी येत नाही, टाकलेलं सगळं वानर आणि सांबर खातात. वानरांना बिस्किटं देऊ नका, चिखलदऱ्यात ते आता हातातली पिशवी ओढायला शिकले आहेत.

पैसे घरच्या बाईच्या हातात द्या, गडबडीत कोणा पोराच्या हातात नको. काय कमी पडलं ते तोंडावर सांगा, आम्हाला राग येत नाही, घरी जाऊन फोनवर तारे कमी देण्यापेक्षा ते बरं.

आणि खवा. इथल्या गवळ्यांचा खवा दूरवर जातो, चिखलदऱ्याची रबडी पण तशीच. खवा घ्यायचा तर निघायच्या दिवशी सकाळी, भट्टीवरून उतरलेला, आदल्या दिवशीचा नाही. थोडा चुरून नाकाला लावा, आंबूस वास आला तर ठेवून द्या. स्टीलच्या डब्यात घाला, पिशवीत नको, आणि एप्रिल-मेमधे नागपूरपर्यंत नेणार असाल तर सोबत बर्फाचा डबा असू द्या, नाहीतर अमरावतीतच कोणा नातेवाइकाकडे उतरून संपवून टाका.